धावण्याची गोडी लागावी म्हणून घड्याळ आणि गाणी कशी वापरावीत

धावायला सुरुवात करून महिन्याभरात सोडून देणारी जी माणसे मी पाहिली, त्यांपैकी बहुतेकांची चूक एकच होती: ती पहिल्याच दिवशी फार जोरात धावली. धाप लागते, पोटऱ्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी गजर वाजला तरी अंथरुणातून उठवत नाही. म्हणून मनगटावरचे घड्याळ आणि कानातली गाणी सुरुवातीचे दोन-तीन महिने स्वतःला आवरण्यासाठीच वापरावीत, असे माझे ठाम मत आहे. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी चांगल्या बुटांवर खर्च करावेत.

सुरुवातीसाठी जॉश क्लार्क यांनी १९९६ साली आखलेला ‘काउच टू ५के’ (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यात आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडायचे असते. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून झाल्यावर ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे आलटून पालटून २० मिनिटे करायचे असते. हे आकडे घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या इंटरव्हल टायमरमध्ये एकदा भरून ठेवावेत, म्हणजे मनगटाला थरथर जाणवली की धावायचे आणि पुन्हा जाणवली की चालायचे, एवढेच उरते.

घड्याळाने दाखवलेल्या आकड्यांत नवख्यासाठी सर्वांत मोलाचा आकडा नाडीच्या ठोक्यांचा. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की ही मोजणी बिघडते. तो मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, हात झटकला तरी सरकणार नाही इतका घट्ट बांधावा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, सपाट रस्त्यावर सावकाश धावत असताना घड्याळाने एकदम १७० ठोके दाखवले आणि मी घाबरून कट्ट्यावर बसले. मानेजवळ बोटे ठेवून नाडी मोजली, तर ती १३० च्या आसपास होती. घड्याळ नाडीऐवजी माझी पावले मोजत होते. थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह कमी झाला की अशी गल्लत अधिक होते, म्हणून आकडा विचित्र वाटला तर बोटांनी खात्री करावी.

कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करून मिळतो. चाळिशीत तो १८० येतो. ठोके त्याच्या तीन-चतुर्थांशापुढे, म्हणजे १३५ च्या वर गेले की चालू लागावे. आकड्यांचा कंटाळा असेल, तर धावताना एक लांब वाक्य न तुटता बोलता येते का, हे पाहणे पुरेसे आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके मुळातच कमी ठेवतात, तेव्हा औषध चालू असणाऱ्यांनी हे गणित डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

गाणी निवडताना आवडीइतकेच लयीकडे लक्ष द्यावे. सावकाश धावताना पावले साधारण मिनिटाला १५० ते १७० पडतात, म्हणून मिनिटाला १६० ठोक्यांचे गाणे पावलाला पाऊल जुळवून चालते आणि ८० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याला दोन पावले बसतात. मोजायला सोपे आहे: १५ सेकंदांतले ठोके मोजून त्यांना चारने गुणावे. वारीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले पडू लागली की अंतर जाणवत नाही, तो अनुभव इथेही येतो. आणखी एक युक्ती मला फार उपयोगी पडली. थांबावेसे वाटते ते मिनिट ओळखावे (माझे चौदावे होते), सर्वांत आवडते गाणे नेमके तिथे ठेवावे आणि एरवी ते मुळीच ऐकू नये.

रस्त्यावर धावत असाल तर एक कान मोकळा ठेवावा किंवा कानाबाहेर बसणारे, हाडावाटे आवाज पोहोचवणारे हेडफोन घ्यावेत. मागून येणारी रिक्षा आणि भुंकणारे कुत्रे दोन्ही वेळेवर ऐकू आले पाहिजेत.

पहिल्या दिवसाची नोंद पुसू नये. नववा आठवडा संपला की त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीच गाणी लावून पहिल्या दिवसाचीच २० मिनिटे पुन्हा करावीत आणि दोन्ही दिवसांचे नाडीचे आलेख शेजारी ठेवून पाहावेत.