जुन्या फोटोतला जर्मन अधिकारी ओळखताना या चुका टाळा

छातीवर आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक दिसले की नजर तिथेच अडकते आणि ओळखायची सुरुवातही तिथूनच होते. नेमके हेच टाळायला हवे. हे पदक साध्या शिपायालाही मिळत असे, त्यामुळे त्यावरून हुद्दा ठरत नाही. आधी फोटो कशावर उतरला आहे ते बघा, मग टोपी, खांदे, बाहीचे कफ आणि सगळ्यात शेवटी पदके.

त्याआधी नीट स्कॅन करा. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू १२०० डीपीआयला, फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये. साधारण ६ × १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या फोटोत खांद्यावरचा तारा जेमतेम ठिपक्याएवढा असतो. मोबाइल ॲपने फोटो 'सुधारून' घेऊ नका, रंगवून तर मुळीच नको. ही ॲप्स नसलेले तारे आणि बटणे स्वतःच भरतात आणि मग सगळी ओळख त्या खोट्या ताऱ्यावर उभी राहते.

फिकट म्हणजे पांढरा नव्हे

पहिल्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काचा आणि फिल्मवर लाल रंग नीट उमटतच नसे. त्यामुळे लाल जवळजवळ काळा दिसतो, पिवळाही बरेचदा गडद पडतो आणि निळा मात्र फिकट, कधी चक्क पांढरा. वसाहतींतल्या फौजेच्या, म्हणजे शुट्झट्रुपच्या फोटोत याच कारणाने घोळ होतो. ही फौज तीनच ठिकाणी होती: पूर्व आफ्रिका (आजचे टांझानिया, रवांडा, बुरुंडी), नैऋत्य आफ्रिका (नामिबिया) आणि कामेरून. रुंद काठाच्या करड्या फेल्ट टोपीची पट्टी आणि किनार पूर्व आफ्रिकेला पांढरी, नैऋत्येला निळी आणि कामेरूनला लाल. फोटोत पांढरी आणि निळी सारखीच दिसते. तेव्हा फिकट किनार पाहून थेट 'पूर्व आफ्रिका' लिहून मोकळे होऊ नका.

निर्णय इतर खुणांवर घ्या. नैऋत्येत बरेचदा करड्या कॉर्डचा जाड कोट, घोडा आणि गोरेच शिपाई दिसतात. पूर्व आफ्रिकेत खाकी गणवेश आणि अवतीभोवती अस्करी, म्हणजे आफ्रिकी शिपाई. फोटो टोगोचा असेल तर शुट्झट्रुप म्हणूच नका, तिथे फक्त पोलीस दल होते. चीनमधले जर्मन ताब्यातले छिंगताव नौदलाकडे होते.

फोटो उलटा तर नाही?

या टोपीचा उजवा काठ वर दुमडून त्यावर काळे-पांढरे-लाल कोकार्ड, म्हणजे रंगीत गोल बिल्ला, लावत. उजवा म्हणजे घालणाऱ्याचा; फोटोत तो आपल्या डाव्या हाताला येतो. काठ दुसऱ्या बाजूला दुमडलेला असेल तर कोटाची बटणे, तलवार आणि पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस तपासा. कोटाची डावी बाजू वर असते. तलवार आणि हा क्रॉसही डावीकडेच. हे सगळेच उलटे दिसत असेल तर प्रतिमा आरशासारखी फिरली आहे. पत्र्यावरचे फोटो एरवीही असेच उलटे येतात. बाकी सगळे बरोबर आणि फक्त टोपी डावीकडे दुमडलेली असेल, तर माणूस ऑस्ट्रेलियन असण्याचाही विचार करा.

तलवार आहे म्हणून अधिकारी नव्हे

फेल्डवेबेल, म्हणजे वरिष्ठ सार्जंट, हा अधिकारी नसूनही अधिकाऱ्यासारखा तलवारीचा गोंडा लावत असे. एक वर्षाचे स्वयंसेवक, म्हणजे सुशिक्षित घरांतली पोरे, स्वतःच्या खर्चाने गणवेश शिवून स्टुडिओत ऐटीत उभी राहत. त्यांच्या खांदेपट्टीच्या कडेला आपल्या जर्मन राज्याच्या (प्रशिया, बव्हेरिया वगैरे) रंगांत पिळलेली दोरी असते, ती शोधा. वनखात्याचे लोक आणि लष्करी कारकूनही गणवेशात अधिकाऱ्यांसारखेच दिसत.

अधिकाऱ्याची खात्री खांद्यावर होते. लेफ्टनंटला सरळ, समांतर दोऱ्यांची पट्टी, तारा नाही. ओबरलेफ्टनंटला एक तारा, हाउप्टमानला (कॅप्टनला) दोन. मेजरपासून वेणीसारखी गुंफलेली पट्टी आणि पुन्हा शून्य, एक, दोन असा क्रम. बिनताऱ्याच्या मेजरला लेफ्टनंट समजणे ही चूक यातूनच होते. टोपीवर दोन कोकार्ड असतील, वर साम्राज्याचे आणि खाली राज्याचे, तर फोटो १८९७ नंतरचा.

माजी सैनिकांचे फोटो

इथे सगळ्यात जास्त सावध राहा. १९२० आणि १९३० च्या दशकांत वसाहतींतले निवृत्त लोक संघटनांच्या मेळाव्यांना जुन्याच टोप्या घालून जात. चेहरा पन्नाशीचा, गणवेश १९०५ चा, आणि मथळ्यात 'हेरेरो युद्ध' (नैऋत्य आफ्रिकेतले, १९०४ मध्ये सुरू झालेले) लिहून टाकलेले! अंगावरची सर्वांत उशिराची वस्तू फोटोची तारीख ठरवते. नैऋत्य आफ्रिकेचे पदक १९०७ मध्ये सुरू झाले, वसाहतींचे सर्वसाधारण पदक १९१२ मध्ये, आणि महायुद्धाचा मानक्रॉस जुलै १९३४ मध्ये. हा शेवटचा क्रॉस छातीवर असेल तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही.

मराठी घरांतल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) अल्बममध्ये आणखी एक पेच येतो. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतला शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. समोरच्या ऑटोमन फौजेत जर्मन अधिकारी तुर्की गणवेश घालत. तुर्कांनाही आयर्न क्रॉस मिळत आणि जर्मनांना ऑटोमन तारा, म्हणून तिथे पदकावरून राष्ट्रीयत्व ठरवू नका. फोटोमागचे लिखाण आणि छायाचित्रकाराचा शिक्का यांना जास्त वजन द्या.

नाव शोधायला निघताना एक लक्षात ठेवा: प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक दप्तर एप्रिल १९४५ च्या पॉट्सडॅमवरील हवाई हल्ल्यात जळाले. बव्हेरियाचे मात्र म्युनिकच्या युद्धसंग्रहात टिकून आहे. त्यामुळे टोपीवरचे खालचे कोकार्ड आधी वाचा. पांढरे-निळे असेल तर म्युनिककडे वळा. प्रशियाचे काळे-पांढरे असेल तर छापील दर्जायाद्या (अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांच्या याद्या) आणि महायुद्धातल्या मृत-जखमींच्या याद्या चाळा. या मृत-जखमींच्या याद्या नावावरून ऑनलाइन शोधता येतात.