विजया तेलाची बाटली घेण्याआधी लेबल कसं वाचायचं

मी औषधविक्रेती आहे. काउंटरवर हल्ली विचारणा होते, "ताई, ते गांजाचं तेल झोपेला चालतं का?" विजया म्हणजे आयुर्वेदात गांजा-भांगेच्या झाडाचं नाव. मी आधी लेबल वाचायला लावते.

टीएचसी आणि सीबीडी ही या झाडातली दोन रसायनं. टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. दोन्ही किती आहेत ते बघा. मग हिशोब: ३० मिलीच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत ५०, ड्रॉपरच्या पाव मिलीच्या खुणेला साडेबारा. पण हा आकडा अख्ख्या अर्काचा की नुसत्या सीबीडीचा? इथेच बहुतेकांची गल्लत होते. नुसत्या बियांचं तेल असेल तर ते खाद्यतेलच; त्यात सीबीडी जवळपास नसतं.

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांपासूनची आयुर्वेदिक औषधं निघतात. तीही वैद्यांच्या चिठ्ठीवरच घ्या.

गुण कशाला? लहान मुलांच्या दोन गंभीर अपस्मारांसाठी अमेरिकेत २०१८ साली शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. झोपेबद्दल इतका भक्कम पुरावा नाही, हे मी स्पष्ट सांगते.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सचं क्लोबाझाम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. सीबीडीमुळे त्यांचा परिणाम वाढतो. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि घरात सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास असेल तर टाळाच. पोटातून घेतलेल्याचा असर दिसायला दोन तासही लागतात, तेवढ्यात दुसरा डोस घेऊ नका.