मीठ-साखर पाण्यात साखर चवीला नसते, मोजून टाका

आमच्या कराडकडं जुलाब लागले की घरोघरी एकच उपाय, मीठ-साखर पाणी, आणि ते आपल्याला येतंच असं प्रत्येकाला वाटतं. आमची आत्या साखर मुठीनंच टाकायची, "गोड असलं तर पोरगं पिईल तरी". कारखान्याच्या पट्ट्यात साखर कोण मोजतंय म्हणा! पण इथं मोजायचीच.

१ लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून, शीग नको.

आता साखर कशाला? आतड्याच्या पेशीच्या पडद्यात एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन असतं, ते आपल्या वडापवाल्यासारखं, सीटा भरल्याशिवाय गाडी हलवत नाही. सोडियमचे २ आयन आणि ग्लुकोजचा १ रेणू बसला की मगच आत सोडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. आपली साखर आतड्यात फुटते तेव्हा त्यातनं हे ग्लुकोज मिळतं. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ही गाडी उभीच. कॉलऱ्यात मीठ आत घ्यायची दुसरी वाट बंद पडते पण ही चालू राहते, म्हणून तर १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

आत आलेलं सोडियम साठून राहिलं तर गाडी परत अडणार, म्हणून पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप असतो, तो एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून दर खेपेला ३ सोडियम बाहेर काढतो नि २ पोटॅशियम आत घेतो. जुलाबात पोटॅशियमही जातं, ते घरच्या पाण्यात नसतं, त्यामुळं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच बरं. फक्त पाकीट २०० मिलीचं आहे का लिटरचं ते वाचा, इथं लई जण चुकतात.

साखर जास्त झाली तर? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कापून साखर भुरभुरली की कसं पाणी सुटतं, तसंच पाणी उलटं आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान बाळाला धोकाच.

घोट-घोट पाजा, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत चमच्यानं सुरू करा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त दिसलं तर चमचे मोजत बसू नका, दवाखाना गाठा.