शाळेचा लॅपटॉप घरी लॉगिन होत नाही? या चुका टाळा

शाळेत मुकाट्याने उघडणारा लॅपटॉप संध्याकाळी घरी पासवर्ड नाकारतो, आणि मग घरातला जो तो येऊन एकदा टाकून बघतो. हीच पहिली चूक. काही वेळा चुकला की खातं थोड्या वेळासाठी बंद होतं आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही.

दोनदा नाकारला की थांबा. आयडी गूगलचा किंवा मायक्रोसॉफ्टचा असेल तर फोनवर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर ब्राउझरच्या खासगी टॅबमध्ये तोच आयडी-पासवर्ड टाका. तिथे उघडलं तर खातं ठीक आहे, घोळ लॅपटॉपात किंवा नेटमध्ये आहे. तिथेही नाही उघडलं तर घरी खटपट करण्यात अर्थ नाही, पासवर्ड शाळेकडूनच बदलून घ्यावा लागेल.

पहिलं लॉगिन घरी करणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. शाळेच्या स्वतःच्या सर्व्हरला जोडलेला विंडोज लॅपटॉप पासवर्ड त्या सर्व्हरला विचारतो. घरी सर्व्हर नसतो, तरी लॉगिन होतं, कारण आधी शाळेत लॉगिन केलेल्यांची खूण लॅपटॉप जपून ठेवतो (मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० जणांची). ज्याने त्या लॅपटॉपवर शाळेत एकदाही लॉगिन केलं नाही, त्याला घरी ‘युवर डोमेन इजन्ट अव्हेलेबल’ (शाळेचा सर्व्हर सापडत नाही) असंच दिसणार, नेट कितीही जोरात असलं तरी. म्हणून लॅपटॉप हातात आला की शाळेतच, शाळेच्या वायफायवर, एकदा पूर्ण डेस्कटॉप दिसेपर्यंत लॉगिन करा. बहीण-भाऊ मिळून एक लॅपटॉप वापरणार असतील तर दोघांनीही.

क्रोमबुकचं, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचं, तसं नाही. त्याला पहिल्या वेळी नेट लागतं, पण ते कुठलंही चालतं.

पासवर्ड बदलला आणि जुना विसरला

शाळेने पासवर्ड बदलून दिला, पण घरी असलेला विंडोज लॅपटॉप जुन्याच खुणेवर चालतो. अशा वेळी जुना पासवर्ड टाकून बघा, बहुतेकदा उघडतो. शाळेत जाऊन तिथल्या नेटवर्कवर नव्याने लॉगिन केलं की तो नवा धरतो. क्रोमबुक नवा पासवर्ड घेतं, पण एकदा जुना विचारतं, कारण आतल्या फायलींचं कुलूप जुन्याचं असतं. तिथे घाईने ‘जुना आठवत नाही’ करून पुढे गेलात तर डाउनलोड्समधलं सगळं जाऊ शकतं. गूगल ड्राइव्हवरचं राहतं.

दांडे भरले म्हणजे नेट आलं, असं समजणं

वायफायचे दांडे फक्त राउटरपर्यंतचा रस्ता सांगतात. गेलेली वीज येऊन पाच मिनिटंही झाली नसतील तर थांबा. फायबरच्या डब्याला पुन्हा जोडणी करायला वेळ लागतो. डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा पेटलेला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, लॅपटॉपला दोष देऊ नका.

हॉटस्पॉटवर चालवत असाल तर फोन टिनाच्या छपराखाली ठेवू नका, पत्रा टॉवर अडवतो. फोन ओसरीत किंवा खिडकीत ठेवा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. हा पट्टा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो.

सार्वजनिक वायफायवर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान भरावं लागतं. लॉगिनच्या पडद्यावर ते पान उघडेलच असं नाही, त्यामुळे तिथे पहिलं लॉगिन करू नका.

घड्याळ न बघणं

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर कपाटात पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरते, आणि आतला घड्याळाचा छोटा सेल जुना असेल तर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं लॅपटॉपला खोटी वाटतात आणि लॉगिन अडतं. लॉगिनच्या पडद्यावरची तारीख आधी वाचा. चुकीची असेल तर चार्जर लावा, नेट जोडा, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. तरी सुधारली नाही तर शाळेला कळवा.

पडद्यावरच असताना कोपऱ्यातली भाषाही बघा. मराठी कळफलक चालू असेल तर पासवर्ड देवनागरीत जातो आणि ठिपक्यांमध्ये काहीच कळत नाही. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर दाबून अक्षरं तपासा. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते.

लॉगिन होतं पण एकही पान उघडत नाही, असं असेल तर शाळेचा प्रॉक्सी (नेटचा मधला सर्व्हर) किंवा ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आत बसलेला असू शकतो. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी बंद, आयपी ‘ऑटोमॅटिक’. ते बदलता येत नसेल तर शाळेने कुलूप लावलंय, ते शाळाच काढेल.

तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट मारणं

हे अजिबात नको. शाळेने नोंदवलेलं क्रोमबुक पुसलं तरी सहसा नेट मिळताच पुन्हा शाळेचीच नोंदणी मागतं. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर ४८ अंकी किल्ली विचारली जाऊ शकते, आणि ती शाळेकडे असते.

त्यापेक्षा पडद्यावरच्या संदेशाचा फोटो, लॅपटॉपखालच्या चिकटपट्टीवरचा नंबर, वेळ आणि नेट कुठलं होतं एवढं सरांना किंवा मॅडमना पाठवा. पासवर्ड मात्र वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.