गिटारचे पिकअप बदलायचेत? व्हिंटेज की हाय-आउटपुट, असं ठरवा

पिकअप म्हणजे तारांखालचा मॅग्नेट आणि तारेची गुंडाळी, तारांचं हलणं पकडून अँपला पाठवणारा. व्हिंटेज म्हणजे जुन्या पद्धतीचा, कमी जोराचा; हाय-आउटपुट म्हणजे जास्त जोराचा. शोधायला बसण्याआधी एक बघा, तुमचं डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला रॉक आवाज, येतं कुठून? गोव्यात वाजवणाऱ्या बहुतेकांचं पेडलमधून नाहीतर मल्टी-इफेक्टमधून येतं. लग्नाचं रिसेप्शन, हॉटेलचा कार्यक्रम, शॅकवरचा गिग, एकाच रात्रीत कोकणी मसाला (सलग वाजवायची कोकणी गाणी), हिंदी, जुनी इंग्लिश गाणी आणि शेवटी दोन रॉक, आणि उघड्यावर असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद. ट्यूब अँप फुल्ल करून वाजवायला मिळतोय कुठे? मग गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंतचा जोर, पेडलच देणार, आणि पिकअपने अजून जोर लावून काय मिळणार?

जोरदार पिकअप आले कशासाठी तेही बघा. गिब्सन कंपनीचा, सेथ लव्हरने बनवलेला पीएएफ हंबकर (दोन कॉइलचा पिकअप; एकाच कॉइलचा तो सिंगल कॉइल) १९५७ पासून गिटारमध्ये बसायला लागला, रेझिस्टन्स साधारण ७ ते ९ किलोओम, अल्निको मॅग्नेट. तेव्हाच्या अँपमध्ये गेन कमी, म्हणून डिमार्झिओ कंपनीने १९७२ मध्ये सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप काढला, सिरॅमिक मॅग्नेट आणि जास्त आउटपुट, म्हणजे ट्यूब अँपच्या पहिल्याच टप्प्यात आवाज लवकर फाटावा. आज ते काम पन्नास पेडल करतात.

आता कान लावून ठरवायची गोष्ट. वाइंडिंग, म्हणजे कॉइलच्या तारेचे फेरे, वाढलं की इंडक्टन्स वाढतो, वरची चमक कमी होते, मिड्स (मधले स्वर) जाड होतात आणि आवाज दाबल्यासारखा येतो. मेटल किंवा हेवी रिफ वाजवत असाल तर हेच पाहिजे, बिनधास्त हाय-आउटपुट घ्या. पण क्लीन कॉर्ड्स, फंक, कोकणी गाण्यातलं ऱ्हिदम, गिटारचा व्हॉल्यूम कमी करून गायिकेच्या मागे हळू वाजवणं, हे सगळं व्हिंटेजवर जास्त छान उघडतं. हाय-आउटपुटचा व्हॉल्यूम खाली आणला की बऱ्याचदा आवाज मातकट होतो. माझं स्पष्ट मत आहे की दहा प्रकारचं वाजवणाऱ्याने व्हिंटेज किंवा मध्यम आउटपुटच घ्यावा.

बॉक्सवरच्या किलोओमवर भाळू नका. कॉइलला बारीक तार वापरली की तेवढ्याच फेऱ्यांत आकडा वाढतो. सीमोर डंकन कंपनीचा जेबी पिकअप १६ किलोओमच्या आसपास आणि सुपर डिस्टॉर्शन १४ च्या खाली, तरी सुपर डिस्टॉर्शन काही कमी जोराचा नाही. मॅग्नेट कुठला, तार कुठली, हे बघितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पैसे घालवण्याआधी पिकअपची उंची बदलून बघा, हे फुकट आहे आणि खूप जण करतच नाहीत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तार ते पिकअप अंतर मोजा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलला २ ते २.४ मिमीपासून सुरू करा, त्याहून जवळ आणलं तर मॅग्नेट तारेला ओढतो आणि स्वर हलल्यासारखा येतो. हंबकर थोडा जवळ चालतो. अर्धा फेरा स्क्रू फिरवा, वाजवा, परत फिरवा. कधीकधी इथेच प्रश्न संपतो.

हमचं, म्हणजे अँपमधून सतत येणाऱ्या गुंगुं आवाजाचं, वेगळं. हॉलचं अर्थिंग खराब, शेजारी लाइटचे डिमर, सिंगल कॉइल ५० हर्ट्झचा गुंगुं आवाज करणारच, आणि तो हाय-आउटपुट घेऊन जात नाही, हंबकर घेऊन बराच कमी होतो. पण व्हिंटेज हंबकर घेताना मेणात बुडवलेला आहे का विचारा, नसेल तर छोट्या स्टेजवर मॉनिटरसमोर उभं राहिलं की शिट्टी मारतो.

गिटारमध्ये दोन पिकअप असले तरी दोन्ही सारखे पाहिजेत असं काही नाही. नेकजवळ तार जास्त हलते म्हणून तिथला पिकअप आपोआप मोठा लागतो, त्यामुळे नेकला व्हिंटेज आणि ब्रिजला (तारा अडकवतात त्या टोकाला) थोडा जास्त जोराचा, ही जोडी मला सगळ्यात कामाची वाटते. कॉइल स्प्लिट करायचा असेल (हंबकरची एकच कॉइल वाजवायची असेल) तर चार वायरचाच मागा.

ऑर्डर करताना तारांमधलं अंतर आणि आत खोली किती आहे मोजून घ्या. हंबकरला ५०० के पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग), सिंगल कॉइलला २५० के. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणाने पॉट खरखरायला लागतात, तर गिटार उघडलीच आहे म्हटल्यावर तेही आत्ताच बदला. वायर पहिल्या दिवशी आखूड कापू नका, सोल्डर मारलेला पिकअप दुकानदार बहुतेक परत घेत नाहीत, आणि विकायला काढलात तर लांब वायर पाहिजे.

आणि काढण्याआधी जुन्या पिकअपवर मोबाइलमध्ये दोन मिनिटं रेकॉर्ड करा, क्लीन आणि डिस्टॉर्शन, अँपची सेटिंग लिहून ठेवून. नवीन बसवल्यावर त्याच सेटिंगवर तेच वाजवा आणि दोन्ही एकामागून एक ऐका.