डोक्याला मुका मार लागल्यावर झोपेसाठी संगीत कसं लावावं

डॉक्टरांना दाखवलंय, असं धरून चालतो. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, जीभ अडखळत असेल किंवा माणूस नीट जागा होत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि इस्पितळ गाठा.

पहिले दोन दिवस काहीच लावू नका. कन्कशननंतर, म्हणजे मेंदूला असा हादरा बसल्यावर, ताटली पडली तरी कवटीत घुमते. मोबाइलही लांबच.

मग अंधार, पलंगापासून दूर छोटा स्पीकर, ४५ मिनिटांचा टायमर. इयरफोन नकोत.

खरी गोची पुढे आहे: लावायचं काय? ‘काहीतरी शांत लावा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कबड्डीच्या सरावात एका पोराचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला होता. तिसऱ्या रात्री मी बासरीवरची जुनी भावगीतं लावली. गाणारं कुणी नाही, मग त्रास कसला? पण चाल ओळखीची असली की शब्द डोकं स्वतःच भरतं. रात्री अडीचला मी दुसरं कडवं आठवत पडलो होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासातही हेच निघालं: ओळखीची गाणी नुसती वाद्यांवर ऐकली, तर ती डोक्यात जास्त घोळतात आणि झोप बिघडते.

त्याच्या पुढच्या रात्री सतारीचा आलाप. डोळा लागतोय तोच आलाप संपून लय धरणारा जोड, जोडावरून थेट जलद ‘झाला’! चिकारीच्या (लयीसाठी छेडतात त्या बारीक तारांच्या) त्या माऱ्याने उठून बसलो, डोकं सकाळपर्यंत ठणकत होतं. तेव्हा रेकॉर्डिंगची सुरुवात ऐकून भुलू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दिवसा शेवटपर्यंत ऐकायला लावा.

आता मी पोरांना नुसता तानपुरा लावायला सांगतो. त्यात शब्द नाहीत, ताल नाही, पुढे काय येणार याची वाट पाहणं नाही. खालच्या पट्टीतला घ्या. वरच्या पट्टीतली जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, दुखऱ्या डोक्याला टोचते. पंख्याच्या घरघरीत जेमतेम कळेल, इतकाच आवाज. फाइल आधीच उतरवून ठेवा, मध्ये साबणाची जाहिरात वाजली की रात्र गेली. ‘सर, कंटाळा येतो,’ असं पोरं म्हणतात. येऊ दे की, त्याचसाठी तर लावलाय.

रोज तोच तानपुरा, तीन आठवडे. उठायची वेळ ठरलेली. आवाजाने डोकं दुखलं तर त्या रात्री बंद. तरीही झोप लागेना, तर पुन्हा डॉक्टरकडे जा. मेडिकलवाल्याकडे झोपेची गोळी मागू नका.