रेंडरर बदलला की खिडकीचा आकार का बदलतो?

नाशिकच्या रामकुंड-तपोवनाचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम गंगापूर रोडवरच्या लॅबमधल्या जुन्या १३६६×७६८ मॉनिटरवर नीट दिसतो. तोच रेटिना, म्हणजे ॲपलच्या दाट पिक्सेलच्या पडद्यावर ओपनजीएल या रेंडररने (चित्र काढणाऱ्या यंत्रणेने) चालवला की चित्र डाव्या खालच्या कोपऱ्यात, पाव खिडकीत आक्रसतं. कोडमध्ये चूक एकच: दोन वेगळी मापं एक समजली गेली.

खिडकी ८००×६०० पॉइंटची (पॉइंट हे खिडकीचं माप, पिक्सेल नव्हे), पण दुप्पट घनतेच्या पडद्यावर तिच्यामागचा फ्रेमबफर, म्हणजे चित्र जिथे रंगतं ती मेमरी, १६००×१२०० पिक्सेलचा. म्हणून आधी दोन्ही आकार छापून पाहा. व्ह्यूपोर्टला, म्हणजे चित्र जिथे काढायचं त्या चौकटीला, नेहमी फ्रेमबफरचा आकार द्या, खिडकीचा नाही. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर सरकवली की तो पुन्हा विचारा. माउसचे आकडे मात्र खिडकीच्या मापात येतात. फ्रेमबफरची रुंदी भागिले खिडकीची रुंदी, या गुणोत्तराने ते गुणा. नाहीतर क्लिक रामकुंडावर आणि निवड भलतीकडेच. थेट २ ने गुणणं हा आळस, दुसऱ्या पडद्यावर तो अंगाशी येतो.

विंडोजची गोष्ट निराळी. प्रोग्रॅमने डीपीआयची (पडद्याच्या पिक्सेल-घनतेची) जाण जाहीर केली नसेल, तर १५० टक्के स्केलिंगवर विंडोज तयार चित्रच ताणते: आकार बरोबर, अक्षरं धूसर. जाण असेल तर चित्र सुबक, पण खिडकी चिमुकली. त्यामुळे दोन रेंडररची तुलना करताना दोन्हींची डीपीआय सेटिंग सारखी आहे ना, हे आधी बघा. खिडकी उघडून देणाऱ्या जीएलएफडब्ल्यू या लायब्ररीत आवृत्ती ३.३ पासून मॉनिटरनुसार खिडकी मोठी करण्याचा पर्याय आहे. खिडकी उघडण्याआधीच तो चालू करावा लागतो.

सोर्स कोड हाताशी नसेल तर विंडोजचं हे ताणणं थांबवायला एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅब उघडा, हाय डीपीआय सेटिंगमध्ये ओव्हरराइडवर टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा.